मौनाला बसताय? घरच्यांना कामाला लावा

मनःशांती हवी असेल तर आधी ती तुम्हाला हवी आहे हे चारचौघांना कळलं पाहिजे. आदल्या रात्री स्टेटस टाका: 'उद्यापासून रोज सकाळी तासभर मौन. कृपया सहकार्य करावे.' कोणी कोणी पाहिलं ते बसल्या बसल्या तपासता येतं, त्याला बोलावं लागत नाही.

इगतपुरीला जायचं खूळ मात्र डोक्यातून काढा. तिथं धम्मगिरी या विपश्यना केंद्रात 10 दिवस राहायचं, पहाटे 4 ला घंटा, मोबाईल जमा. आर्य मौन म्हणजे खाणाखुणा नि चिठ्ठ्याही बंद. वर फी घेत नाहीत, म्हणजे 'एवढे मोजले' असं सांगायचीही सोय नाही.

त्यापेक्षा घरी, हॉलच्या मधोमध बसा. सगळ्यांना तिथूनच जावं लागतं, त्यामुळे साधनेत कोण आडवं येतं ते डोळे मिटूनही कळतं. पोरांनी बूट बाहेर जिन्यात घालावेत. मिक्सर बंद. डब्यातली चटणी बायकोने खलबत्त्यात कुटावी, तीही आवाज न करता. जमतं, सवय लागते.

गांधीजी सोमवारी मौन पाळत आणि सांगायचं ते कागदावर लिहून देत. तो कित्ता जरूर गिरवा. लाईट बिलाच्या पाठीवर लिहा: 'चहा. आलं घालून.' पाच मिनिटांनी पुन्हा: 'आलं??' दोन प्रश्नचिन्हं पुरेत. तिसरं काढलंत तर चिडलात असं वाटेल, आणि तुम्ही तर शांत आहात.

इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. तुमचा दिवाणही त्यातच धरा. फक्त खाली वरातीचा डीजे आला तर कायदा सांगायला उतरू नका. तिथले लोक ऐकून घेत नाहीत, हात उचलतात. नियम घरात बजावायचे असतात. खिडकी बायको लावेल.

तास भरला म्हणून लगेच डोळे उघडायची घाई नको. आधी कानोसा घ्या. पोरं शाळेत गेली, दूध तापलं, ओटा पुसून झाला, कचरा खाली गेला, अशी खात्री पटली की सावकाश उठा. ती ऑफिसला निघालेली असेल, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने चपलेचा पट्टा ओढत. तिच्याकडे बघून मंद हसा आणि म्हणा, "तू पण बसत जा गं थोडा वेळ. किती चिडचिड करतेस हल्ली!"