खुलासा: बायनरी डेटा आधीच आटोपशीर असला, तरी कॉम्प्रेस करून फायदा होतो

'प्रोटोबफ, मेसेजपॅक मुळातच आटोपशीर. त्यांवर जीझिप चालवणं म्हणजे वेळ वाया' असा मेसेज फिरतोय. (प्रोटोबफ आणि मेसेजपॅक हे डेटा बायनरी रूपात साठवण्या-पाठवण्याचे प्रकार, तर जीझिप हे डेटा कॉम्प्रेस करून म्हणजे दाबून लहान करणारं साधन.) तो सरसकट खरा नाही. मेसेजपॅकमध्ये सहसा 'कस्टमर_आयडी'सारखं फील्डचं नाव प्रत्येक नोंदीत पुन्हा लिहिलं जातं. प्रोटोबफ नावाऐवजी क्रमांक ठेवतं, पण आतला मजकूर जसाच्या तसा. जीझिप नेमकी हीच पुनरावृत्ती पकडतं. हजारो नोंदींची फाइल कॉम्प्रेस करून आकार ताडून पाहा, बहुतेक वेळा मोठा फरक दिसतो. जेपेग फोटोंमध्ये मात्र हफमन कोडिंग, म्हणजे वारंवार येणाऱ्या मूल्यांना छोटे कोड देऊन आकार कमी करणं, आधीच झालेलं असतं. तिथे फारसं काही हाती लागत नाही. अगदी छोट्या, सुट्या संदेशांनाही नको, जीझिपचे स्वतःचेच किमान 18 बाइट वाढतात. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा जोडा.