नारळाला हात लावायचा नाही

पोस्ट लांबली आहे, आधीच सांगतो. पनामातल्या सान ब्लास बेटांचे फोटो टाकल्यापासून दोन प्रकारचे मेसेज येतायत. एक म्हणजे "वा, काय स्वर्ग आहे" आणि दुसरा, एका पुण्याच्या मित्राचा, "एवढे पैसे घेऊन लाईट नाही, गरम पाणी नाही, संडास बेटाच्या दुसऱ्या टोकाला? लुटलं की तुम्हाला." पहिल्याला काय उत्तर द्यायचं, लाईक केलं. दुसऱ्यासाठी हे लिहितोय.

तर सान ब्लास हे जुनं नाव. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्याला ३६५ च्या आसपास बेटं आहेत, त्यातल्या जेमतेम पन्नासेक बेटांवर वस्ती, बाकी नुसते माड आणि पांढरी वाळू. तिथले आदिवासी गुना, म्हणून या भागाचं आताचं नाव "गुना याला" (Guna Yala). आम्ही ह्यूस्टनहून मित्राकडे पनामा सिटीत गेलेलो, फेब्रुवारीत, आणि दोन्ही जोडपी मिळून एक रात्र तिथे राहून आलो. पहाटे पाचला फोर बाय फोर गाडी दारात येते, साधी गाडी चालतच नाही कारण डोंगरातला रस्ता म्हणजे आंबोलीचा घाट कोणीतरी घडी घालून ठेवल्यासारखा, माझी बायको दोनदा गाडी थांबवून उतरली (कशाला ते सांगत नाही). आणि मध्येच एक चेकनाका लागतो. पनामाचा नाही, गुनांचा. पासपोर्ट दाखवायचा, पैसे भरायचे (आम्ही माणशी वीस डॉलर भरले), मग आत. म्हणजे पनामा देशात शिरलात ते शिरलात, इथे वेगळं तिकीट. मला तिथेच हे लोक आवडायला लागले.

पुढे मशीनची होडी. फेब्रुवारीत वारा असतो, होडीवाल्याने आमच्या बॅगा काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत घातल्या तेव्हाच समजायला पाहिजे होतं. पाऊण तास तोंडावर खारं पाणी. उतरलो तेव्हा खिशातला रुमाल सुद्धा पिळायला झालेला.

आणि उतरल्या उतरल्या मी चूक केली. मी कोकणातला, माडाखाली पडलेला नारळ दिसला की हात आपोआप जातो, आमच्याकडे पडलेला नारळ उचलून पडवीत टाकायचं हे पोरांचं कामच. उचलला, कानाशी हलवून बघितला, तोवर एक आजी झोपडीतून बाहेर आली आणि हाताने "ठेव" म्हणून खूण केली. रागाने नाही, पण नीट ठेवेपर्यंत हललीच नाही. नंतर मित्राने स्पॅनिशमध्ये विचारून सांगितलं की निर्जन दिसणाऱ्या बेटावरच्या नारळाला सुद्धा मालक असतो, कुठल्या ना कुठल्या कुटुंबाचा तो असतोच. पूर्वी नारळ हेच यांचं नगद पीक, कोलंबियाची व्यापारी गलबतं यायची, नारळ न्यायची, बदल्यात साखर, कापड, काय लागेल ते द्यायची. टुरिस्टला वाटतं आपण रिकाम्या बेटावर आलो. रिकामं काही नसतं, आपल्याला मालक दिसत नाही एवढंच.

राहायची जागा म्हणजे कुडाची भिंत, बोरूच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या बांधलेल्या, वर झावळ्यांनी शाकारलेलं, आणि जमीन म्हणजे वाळू. खरंच वाळू, पलंग वाळूत रोवलेला. रात्री दहाला जनरेटर बंद. त्यानंतर कुडाच्या फटीतून वारा शिट्टी घालतो आणि कॉटखाली खरखर खरखर. मोबाईलचा टॉर्च मारला तर शंखातले खेकडे, सात-आठ, माझ्या चपलेभोवती मिटिंग भरल्यासारखे. बायको पाय वर घेऊन बसली ती पहाटेपर्यंत. आंघोळीला बादलीतलं पाणी, तेही मोजून, कारण गोडं पाणी होडीने आणतात. जेवायला तळलेला मासा, खोबऱ्याच्या दुधातला भात आणि चेपून तळलेली कच्ची केळी. मासा आपल्यासारखा मसाला लावलेला नाही, मीठ-लिंबू, पण सकाळी पाण्यात होता तो. मला दोन खायचे होते, एकच मिळाला.

आता मुद्द्यावर येतो. हे असं का आहे, पैसे नाहीत म्हणून? थोडंफार ते असेलही. पण मुख्य कारण वेगळं आहे. गुना यालात बाहेरच्या माणसाला जमीन घेता येत नाही, धंदाही काढता येत नाही. म्हणजे परदेशी तर सोडाच, पनामा सिटीतल्या पैसेवाल्या माणसालाही नाही. मागे अमेरिकन लोकांनी तिथे हॉटेलं काढली होती, ती यांनी चालू दिली नाहीत. जे आहे ते गुना कुटुंबाचं, खोलीचं भाडं त्यांच्या खिशात, होडीचं भाडं त्यांच्याच भावकीत. ड्रोन उडवायचा नाही, स्कूबा डायव्हिंग नाही, माणसाचा फोटो काढायचा तर आधी विचारायचं, आणि ब-याचदा डॉलर द्यायचा. मित्राची बायको म्हणाली हे फारच कमर्शियल झालं. मी म्हणलं लग्नात फोटोग्राफरला आपण किती दिले होते?

ही हिंमत कुठून आली तर त्याला शंभर वर्षांची गोष्ट आहे. पनामा सरकारने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यांना "सुधारायचं" ठरवलं. पोलीस ठाणी बसवली, बायकांचे कपडे, पायातले मण्यांचे पट्टे आणि नाकातली सोन्याची कडी यावर बंदी. नाकातली म्हणजे मधल्या पडद्यातली, आपल्याकडे बुलाक म्हणायचे ना, तशी. ती कडी जबरदस्तीने काढायला लावायचे. कल्पना करा, कोणी शासकीय माणूस घरात येऊन तुमच्या आजीची नथ उतरवतोय. १९२५ च्या फेब्रुवारीत, कार्निवलच्या दिवसांत, गुना उठले आणि पोलिसांवर तुटून पडले. शेवटी अमेरिकन युद्धनौकेवर बसून मार्चमध्ये तह झाला, आणि १९३८ साली त्यांच्या प्रदेशाला कायद्याने वेगळा दर्जा मिळाला. त्या उठावाच्या झेंड्यावर स्वस्तिक आहे! मी बघितलं तेव्हा उडालोच. हिटलरशी काही संबंध नाही, त्यांचं ते आधीपासूनचं, काही जण म्हणतात तो जग निर्माण करणारा ऑक्टोपस आहे.

आणि बुलाक आजही आहे. ज्या आजीने मला नारळ खाली ठेवायला लावला तिच्याच नाकात. दुपारी ती मोला शिवत बसली होती. मोला म्हणजे त्यांच्या ब्लाउजचा पुढचा-मागचा तुकडा, वेगवेगळ्या रंगांची कापडं एकावर एक ठेवायची, वरचं कापड नक्षीप्रमाणे कापायचं, कापलेली कड सुईच्या टोकाने आत दुमडायची आणि बारीक टाका घालायचा, की खालचा रंग रेघेसारखा वर येतो. ठिगळ लावण्याच्या बरोब्बर उलटं. माझ्या बायकोने एक मोला उचलला आणि पहिली गोष्ट काय केली तर उलटा करून मागची बाजू बघितली, तिची आजी गोधड्या शिवायची, तिचं म्हणणं की टाका मागूनच कळतो. आजीने ते बघितलं आणि पहिल्यांदा हसली. मग दोघी अर्धा तास, एकीला मराठी-इंग्लिश, दुसरीला गुना आणि थोडं स्पॅनिश, नुसत्या बोटांनी बोलत होत्या. भाव मात्र एका डॉलरने पण कमी झाला नाही. (लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला जातो ही त्यांची रीत कळल्यावर बायको मला उगाच घरजावई म्हणतेय तेव्हापासून.)

आमच्या वाडीत समुद्राकडची बाग वीस वर्षांपूर्वी विकली गेली. तेव्हा भाव चांगला वाटला होता, कोणालाच दोष देत नाही. आज तिथे रिसॉर्ट आहे, स्विमिंग पूल आहे, समोर अख्खा समुद्र असताना, आणि माझा चुलतभाऊ त्याच गेटवर वॉचमन आहे. आजोबांनी लावलेल्या माडाखाली खुर्ची टाकून बसतो आणि गाड्यांचे नंबर लिहितो. तिथे चोवीस तास गरम पाणी आहे, हे पुण्याच्या मित्राला मुद्दाम सांगतो.

सगळं छान छान आहे असं नाही हं. वाऱ्याच्या बाजूला प्लास्टिकच्या बाटल्यांचा खच होता, आणि दिवसाच्या टूरवाल्या बेटावर स्पीकर लावून धिंगाणा चालतो. जाताना धक्क्याजवळ गार्दी सुगदुब नावाचं बेट दिसतं, घराला घर लागलेलं, समुद्र घरात शिरायला लागला म्हणून २०२४ च्या जूनमध्ये तिथली ३०० च्या आसपास कुटुंबं मुख्य भूमीवर नव्या घरांत नेली. काही जण अजून बेटावरच आहेत. ज्यांनी पोलिसांना हुसकून लावलं त्यांना पाण्यापुढे निघावं लागतंय, आणि ते पाणी वाढवण्यात विमानातून उडत आलेल्या माझ्यासारख्यांचा हात त्यांच्यापेक्षा जास्त आहे. यावर माझ्याकडे काही उत्तर नाही.

निघायच्या सकाळी मी आजीकडे जाऊन रीतसर एक नारळ मागितला. दोन डॉलर. तिने नातवाला हाक मारली, त्याने कोयत्याने तीन घावात तोंड उघडून दिलं. घरी आल्यावर आईला फोनवर सगळं सांगितलं, कुड, खेकडे, नाकातली कडी, तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पावणेदोनशे रुपयांक नारळ?" मग जरा थांबून, "पानी गोड होता काय पण?"

होतं, म्हटलं. आपल्या विहिरीकडच्या माडाएवढं नाही.