जादा पाटे आणि कमी ब्रेक

"जुन्या व्हॅनला नवे शॉकअप म्हणजे पैशाची नासाडी. मागे दोन पाटे वाढवा, माल दीडपट बसेल." अशी सुरुवात असलेला पाच मुद्द्यांचा मेसेज बरेच दिवस फिरतोय. (पाटे म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या, एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. शॉकअप म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, स्प्रिंगची उसळी मारणारा.) मी तो वाचून सोडून दिला होता. काल तोच माझ्या धाकट्या भावाने पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, रविवारी पाटे टाकून घेतोय." त्याच्या व्हॅनमधून माल जातो तशी त्याची मुलंही जातात. आता गप्प बसवत नाही.

आधी तो दीडपट माल. वजन पाटे पेलतात, हे खरं. पण गाडीची मर्यादा एकट्या पाट्यांवर ठरत नाही. ॲक्सल (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा दांडा), बेअरिंग, टायर, चॅसी (गाडीचा सांगाडा) आणि ब्रेक या सगळ्यांचा हिशेब करून कंपनी ती ठरवते. पाटे वाढवल्याने यातलं बाकी काहीच बदलत नाही.

ब्रेकचं तर उलटंच होतं. बऱ्याच जुन्या व्हॅनमध्ये मागच्या ॲक्सलच्या वर चॅसीला एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की गाडी बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की हा दाब कमी राहतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, फक्त चॅसी आणि ॲक्सलमधलं अंतर कळतं. दोन पाटे वाढवलेली गाडी भरल्यावरही उंचच राहते. म्हणजे व्हॉल्व्हच्या लेखी ती रिकामी! माल दीडपट आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा. उतारावर पुढे कोणी अचानक थांबलं तर काय होईल?

हे माझ्या मनचं नाही. ब्रेकविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक 13 मध्ये परिशिष्ट 10 आहे. सस्पेन्शनवर, म्हणजे पाट्यांच्या हालचालीवर चालणारा असा व्हॉल्व्ह असलेल्या मालवाहू गाडीवर, रिकाम्या आणि भरलेल्या स्थितीत त्याची हालचाल किती व्हायला हवी, हे लिहिलेलं असावं असं त्यात म्हटलंय. सेटिंग तपासता यावं म्हणून. मेसेजमध्ये या व्हॉल्व्हचा उल्लेखही नाही.

मेसेजचा दुसरा मुद्दा: "पाटे कडक असले की शॉकअप लागतच नाही." साफ चूक. शॉकअप वजन उचलत नाही. आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि उसळीची ताकद उष्णतेत जिरते. पाटा जितका कडक, तितका तो जोरात परत उसळतो, म्हणजे शॉकअपचं काम वाढतं. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. एकावर एक बसलेले पाटे घासतात आणि त्या घर्षणाने थोडी उसळी मरते. पण ते घर्षण गंज आणि ग्रीसनुसार बदलतं. त्याच्या भरवशावर शॉकअप काढून टाकायचे नसतात.

तिसरा मुद्दा वाचून तर संतापच आला: शॉकअपला भोक पाडून इंजिन ऑइल भरा आणि वेल्डिंग करा. गॅसच्या शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन असतो. त्याला ड्रिल किंवा वेल्डिंगची ज्योत लावायला सांगणाऱ्याने तो कधी हातात तरी धरलाय का?

चौथा मुद्दा: "गाडीचा कोपरा दाबून सोडा, एकदाच उसळली तर शॉकअप ठीक." हाताने दाबल्यावर बॉडी सेकंदाला एक-दोनदा हलते. खराब रस्त्यावर चाक सेकंदाला दहाहून जास्त वेळा उडतं. ते या चाचणीत दिसतच नाही. त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवा. ठरावीक अंतराने खळगे लागले, तर चाक रस्ता सोडून उडतंय अशी शंका घ्या.

एकाच बाजूचा शॉकअप बदलायचा पाचवा सल्लाही चुकीचाच. एका ॲक्सलचे दोन्ही एकदम बदलायचे.

भावाला कळवलंय: मूळ मापाचे पाटे, जोडीने नवे शॉकअप, पाट्यांच्या टोकांच्या सांध्यातले झिजलेले रबरी बुश नवे. आणि बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकली, वजन आलं की मगच. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. रविवारी टॉर्च आणि टेप घेऊन मीच जातेय. तो व्हॉल्व्ह बघून होईपर्यंत यू-बोल्टला (पाटे ॲक्सलला आवळून धरणाऱ्या बोल्टला) पाना लावू नकोस, असं त्याला बजावलंय.