मॅट माझी, झोप आजोबांची

कालपासून माझ्या कोऱ्या, तंबूत अंथरायच्या मॅटला तंबाखूचा वास येतोय. मी तंबाखू खात नाही.

गेल्या डिसेंबरात बामणोलीला, शिवसागरच्या काठावर, तंबूत फुगवायची गादी घालून झोपलो होतो. म्हणजे पडलो होतो. साध्या हवेच्या गादीतली हवा आतल्या आत फिरते आणि आपल्या अंगातली ऊब जमिनीला नेऊन देते, हे मला पहाटे ३ वाजता कळलं. म्हणून यंदा अभ्यास करून बाजारात गेलो. मॅट उष्णता किती अडवते त्याचा आकडा म्हणजे आर-व्हॅल्यू. उन्हाळ्यात १-२ पुरते, कडक थंडीला ४ च्या पुढे हवी. फोमची साधी मॅट २ च्या आसपास, पण पावसाळ्यात तीच बरी. पाणी पीत नाही, बाभळीच्या काट्याला भीत नाही.

साताऱ्यात दुकानदाराला आर-व्हॅल्यू विचारली. त्याने पाकीट उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "एमआरपी आहे."

साडेतीन हजारांची वस्तू, आणि वर नुसतं 'ऑल सीझन'! शेंगदाण्याच्या पुडीवरसुद्धा वजन लिहितात हो.

तेवढ्यात शेजारच्या स्टुलावरून आवाज आला, "व्हय पावणं, घरला जागा न्हाई व्हय?"

धोतर, टोपी, हातात नातवासाठी घेतलेली कबड्डीची निकॅप. दहिवडीच्या एसटीला अजून तास होता, म्हणजे आजोबांना माझ्यासाठी वेळच वेळ. मी कॅम्पिंग समजावून सांगितलं. "भुईवरच निजायचं, तर इकत कशाला?" मी थंडी समजावली. "घोंगडं घ्या की." आता घोंगडं उबदार असतं, मान्य. पण एकदा भिजलं की उचलायला दोन माणसं लागतात, हे त्यांना कोण सांगणार? दुकानदार तर मान डोलवत होता. विकत होता मॅट आणि बाजू घोंगड्याची!

त्याने मॅटचं झाकण उघडलं. आतला फोम फुलत जातो, हवा ओढून घेतो. आजोबा हरखले. "आपोआप फुगती? आमचा जावई असाच हाय."

मग बैल पारखावा तशी त्यांनी मॅट चारी बाजूंनी दाबली, पायताण काढलं आणि "थांबा, मी सांगतो" म्हणत सरळ आडवे झाले. आधी उताणे, मग कुशीवर. मग घोरायला लागले.

"उठवू नका, लांबनं आलेत," दुकानदार कुजबुजला. "दुसरी द्या मग." "एवढीच आहे."

पंचवीस मिनिटं मी माझ्याच मॅटच्या उशाशी उभा. येणारं गिऱ्हाईक मला विचारतंय, "काय झालं वडलांना?" एका बाईंनी पर्समधून पाण्याची बाटली काढून दिली. ती मी प्यायलो.

एसटीच्या वेळेला आजोबा बरोब्बर उठले. "घ्या, चांगली हाय," म्हणाले, "पर कुशीवर कंबर टेकती." आणि निकॅप घेऊन गेले.

मी थोडी सूट मागितली. दुकानदार म्हणाला, "टेस्ट केलेला माल आहे, साहेब."

काल रात्री हॉलमध्ये घालून पाहिली. कुशीवर कंबर टेकते.