जुन्या माउंटन सायकलला डिस्क ब्रेक ‘तासाभरात’ बसत नाहीत

साताऱ्यातील सायकलस्वारांमध्ये एक दावा हौसेने पुढे पाठवला जातो: कोणत्याही जुन्या माउंटन सायकलला क्लॅम्पची पट्टी आणि कॅलिपर (चकतीला दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग) आणून तासाभरात डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मध्यावरची चकती दाबून थांबवणारे ब्रेक, बसवता येतात, चाके तीच चालतात, लिव्हर मात्र बदलावेच लागतात आणि यवतेश्वरचा घाट रिम ब्रेकवर (चाकाच्या कडेला रबर घासून थांबवणाऱ्या ब्रेकवर) उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. यातील शेवटचे विधान तेवढे अर्धे खरे आहे.

चाकांचे उत्तर सोपे आहे. चकती हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, सहा बोल्टांनी किंवा दात्यांच्या बैठकीवर बसते; जुन्या हबला ही सोय नसेल, तर हब बदलून चाक नव्याने विणावे लागते. लिव्हरबाबत उलटेच आहे. व्ही-ब्रेकचे (दोन लांब भुजांच्या रिम ब्रेकचे) लिव्हर केबल जास्त ओढतात, आणि तेवढ्याच ओढीसाठी बनवलेला केबलवरचा कॅलिपर घेतला तर ते तसेच ठेवता येतात. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारे, घेतले तरच बदलावे लागतात.

खरा प्रश्न फ्रेमचा आहे. २६ इंची चाकात रिम ब्रेकचे रबर आसापासून सुमारे २७ सेंटिमीटरवर घासते, तर १६० मिलिमीटरच्या चकतीची त्रिज्या अवघी ८ सेंटिमीटर असते. त्यामुळे सायकल तितक्याच अंतरात थांबवायची तर चकतीवर तिपटीहून अधिक जोर लागतो, आणि तो डाव्या बाजूच्या अशा नळ्यांवर येतो, ज्यांची जाडी ठरवताना कोणी त्याचा विचारच केलेला नव्हता. क्लॅम्पची पट्टी तिथे घट्ट आवळली तर नळी चेपू शकते, सैल राहिली तर पट्टी सरकते. वेल्डिंग करून घेण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. परंतु उष्णतेची प्रक्रिया केलेल्या ॲल्युमिनियमची ताकद वेल्डिंगजवळच घटते, हे तो सल्ला देणारे सांगत नाहीत.

पुढच्या चाकाचा धोका त्याहून मोठा आहे. फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुपायी भागाच्या, डाव्या पायामागे बसवलेला कॅलिपर ब्रेक लावताच आसाला खाली, म्हणजे फोर्कच्या खाचेतून बाहेर ढकलतो. डिस्कसाठी बनवलेल्या फोर्कमध्ये याचा विचार केलेला असतो; जुन्या फोर्कमध्ये तो असण्याचे कारण नाही.

आता घाटाबद्दल. पावसात रिम ओली झाली की पकड उशिरा येते, कासच्या वाटेवरचा जांभ्याचा कण रबरात रुतून रिम खरवडतो, आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास रिम तापून ट्यूब फुटू शकते. डिस्कचा फायदा इथे निर्विवाद आहे. पण कोरड्या रस्त्यावर नीट जुळवलेले व्ही-ब्रेक पुढचे चाक जाम करण्याइतके जोरदार असतात, आणि ज्यांना ते ‘लागत नाहीत’, त्यांची रबरे बहुधा दगडासारखी कडक झालेली किंवा केबल गंजलेली असते. रिमची कड आतल्या बाजूला खोलगट झाली असेल, तर मात्र रबर बदलून भागणार नाही, रिमच बदलावी.

तरीही डिस्क हवेच असतील, तर जुन्या फोर्कच्या उंचीशी जुळणारा डिस्कचा फोर्क आणि डिस्क हबचे चाक घालून फक्त पुढचा ब्रेक बदलावा. थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो; मागे व्ही-ब्रेक राहिला तरी चालते.