कस्टमचं घड्याळ, बिल नको, काटा सरकतोय: एका फॉरवर्डची झाडाझडती

‘ऑनलाइन महागडं घड्याळ घेताना फसायचं नसेल तर ही सात सूत्रं पाठ करा’ असा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. खाली कुणा ‘निवृत्त कस्टम अधिकाऱ्या’चा हवाला आहे, नाव अर्थातच नाही. मी दुर्लक्ष करत होतो. पण परवा तोच मेसेज सांगलीच्या धाकट्या काकांनी पाठवला आणि मागोमाग एका इन्स्टाग्राम विक्रेत्याने दिलेले ओमेगा या स्विस कंपनीच्या सीमास्टर घड्याळाचे फोटो. चुलतबहिणीचा साखरपुडा ठरलाय, जावयाला घड्याळ द्यायचंय. दुकानात पाच लाखांच्या वर जाणारं घड्याळ एक लाख साठ हजारात. ‘कस्टमचा माल आहे रे, खात्रीचा. सातही सूत्रांत बसतंय.’

बसणारच. ती सूत्रं विकणाऱ्यांच्या सोयीनेच लिहिलेली आहेत.

पहिलं सूत्र: ‘विमानतळावर जप्त झालेली घड्याळं कस्टमवाले एजंटमार्फत अर्ध्याहून कमी किमतीत काढतात.’ सोबत दिल्ली विमानतळावरच्या बातमीचा फोटो जोडलाय. बातमी खरी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये दुबईहून आलेल्या एका प्रवाशाकडून सात घड्याळं पकडली होती, त्यातलं एकटं २७ कोटींचं. पण पकडलेला माल दुसऱ्या दिवशी विकायला निघत नाही. जप्ती वेगळी आणि सरकारजमा होणं वेगळं. मध्ये नोटीस असते, सुनावणी असते, अपील असतं, आणि बऱ्याच प्रकरणांत दंड भरून मालक आपला माल सोडवूनही नेतो. एवढं सगळं होऊन जे उरतं त्याचा लिलाव होतो, हे मात्र मान्य करायला हवं. कस्टम खातं खरंच लिलाव करतं. तो एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो. नाव नोंदवावं लागतं, अनामत भरावी लागते, बोली लावावी लागते, आणि माल मिळाला की रीतसर कागद मिळतो. यात इन्स्टाग्रामवरचा ‘एजंट’ कुठेच येत नाही. आणि तो म्हणतो तसं अधिकाऱ्याने मागच्या दाराने काढून दिलेलं असेल, तर ते चोरीचं घड्याळ झालं. काकांनी आयुष्यभर रास्त भावाचं दुकान चालवलं. गोदामातून परस्पर निघालेल्या पोत्याला काय म्हणतात ते मी त्यांना सांगायला नको.

आता या मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा घेतो. तो चौथ्या क्रमांकावर साळसूदपणे बसलाय: ‘बिल मागू नका. बिल घेतलं की १८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का लक्झरी टॅक्स लागतो. बॉक्स आणि कार्ड असलं की बिलाची गरज नाही.’

कस्टम्स ॲक्ट, १९६२ मधलं कलम १२३ उघडून बघा. जेमतेम अर्ध्या पानाचं आहे. आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करायचा, ही आपली नेहमीची समजूत. हे कलम ती उलटी करतं. तस्करीचा माल असावा अशा वाजवी समजुतीने अधिकाऱ्याने वस्तू जप्त केली, तर ती तस्करीची नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यात ती सापडली त्याच्यावर. दुसरा कुणी ‘माझी आहे’ म्हणत पुढे आला तर त्याच्यावरही. आणि हे कुठल्या वस्तूंना लागू? सोनं, सोन्याच्या वस्तू आणि घड्याळं. सरकारला अधिसूचना काढून यादी वाढवता येते, पण घड्याळं थेट कायद्याच्या मजकुरातच आहेत. गाड्या, मोबाइल, कॅमेरे, कशाकशाची तस्करी होते या देशात, पण सोन्याच्या शेजारी बसण्याचा मान घड्याळाला मिळालाय. कलम स्मगलिंगच्या जमान्यातलं आहे, पण आजही तितकंच लागू आहे.

म्हणजे बिल ही विकणाऱ्याची डोकेदुखी नाहीच. ते तुमचं कवच आहे, आणि मेसेज तेच टाकून द्या म्हणतोय. वर ‘कस्टमचा माल’ हे विक्रेत्याचं स्वतःचं वाक्य चॅटमध्ये जपून ठेवलेलं. माहीत असताना घेतलंत याचा पुरावाही तुमच्याच फोनमध्ये.

यावर काका म्हणाले, ‘अरे, सांगलीत कोण येतंय जावयाच्या मनगटाला हात लावायला?’ सांगलीत कुणी येणार नाही, कबूल. पण हा जावई बंगळुरूला नोकरीला आहे आणि कंपनी त्याला अधूनमधून परदेशी पाठवते. सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ तो घालूनच जाणार आणि घालूनच परत येणार. मुंबई विमानतळावर एखाद्या अधिकाऱ्याने ‘हे कुठे घेतलं?’ विचारलं तर त्याने काय दाखवायचं? इन्स्टाग्रामचं चॅट? भारतात घेतल्याचं बिल असेल, किंवा जाताना कस्टमकडून निर्यात दाखला घेतला असेल, तर प्रश्न दोन मिनिटांत मिटतो. आणि दाखला घ्यायचा तरी घड्याळ आपलं असल्याचा काहीतरी कागद लागणारच. विमा उतरवायचा असो, चोरीची तक्रार द्यायची असो, गाडी शेवटी बिलापाशीच येऊन थांबते.

आता बिल टाळलं की वाचतात म्हणे, ते टॅक्स. नव्या घड्याळावर १८ टक्के जीएसटी लागतो, खरं आहे, पण दुकानातल्या किमतीत तो धरलेलाच असतो. वापरलेल्या घड्याळाचं गणित वेगळं. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला जीएसटीच्या नियम ३२(५) प्रमाणे खरेदी आणि विक्रीतल्या फरकावरच जीएसटी भरायची मुभा आहे. त्यामुळे ‘बिल हवं तर १८ टक्के जादा’ म्हणणारा जुन्या घड्याळाचा विक्रेता बहुधा एकतर नोंदणीकृत नाही किंवा तुम्हाला बनवतोय. आणि १ टक्क्याचा ‘लक्झरी टॅक्स’ म्हणजे टीसीएस, विक्रेत्याने तुमच्याकडून आधीच गोळा करून भरायचा आयकर. तो २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांच्या वरच्या मनगटी घड्याळांना लागतो आणि विवरणपत्र भरताना तुमच्या खात्यात वळताही होतो. एक लाख साठ हजारांच्या घड्याळाशी त्याचा काडीचा संबंध नाही. लोकांना टॅक्स हा शब्द दाखवला की पुढचं वाचायचंच बंद होतं, हे मेसेज लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

दुसरं सूत्र काट्याचं: ‘सेकंदाचा काटा टिकटिक न करता सरकत असेल तर ओरिजिनल.’ हे इतकं पसरलंय की घड्याळाच्या दुकानातले सेल्समनही ऐकवतात. अहो, काटा सरकत नसतो, उड्याच मारत असतो, फक्त बारीक. काकांना हव्या असलेल्या सीमास्टर डायव्हरमधलं ८८०० नंबरचं मशीन तासाला २५,२०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला सात. नकली घड्याळांत सर्रास बसवलेली चिनी मशीनं २८,८०० ची असतात, म्हणजे सेकंदाला आठ. या सूत्राप्रमाणे नकलीचा काटा अस्सल ओमेगापेक्षा जास्त ‘ओरिजिनल’ ठरेल! सेकंदाला एक उडी मारणारं, बॅटरीच्या सेलवर चालणारं तीनशे रुपयांचं घड्याळ या चाचणीत पकडलं जातं, एवढंच तिचं श्रेय. आणि रोलेक्सनेही एके काळी सेलवर चालणारं, टिकटिक करणारं ऑयस्टरक्वार्ट्झ विकलेलं आहे.

तिसरं: ‘बॉक्स, कार्ड आणि सीरियल नंबर जुळले की डोळे झाकून घ्या.’ बॉक्स-कार्ड असलेल्या घड्याळाला पुढे विकताना जास्त पैसे येतात, हे खरं. पण तीच तर नकली बॉक्स आणि कार्ड छापण्यामागची प्रेरणा आहे. रिकामे अस्सल बॉक्सही सुटे विकत मिळतात. सीरियल नंबर एखाद्या खऱ्या घड्याळाच्या फोटोवरून उचलतात आणि हजार नकली घड्याळांवर तोच कोरतात. नंबर ‘जुळतो’, कारण तो खराच असतो, फक्त दुसऱ्याच्या घड्याळाचा.

कागद आणि भाग जुळवण्याची मजल कुठवर जाते याचा एकच दाखला देतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये फिलिप्स या लिलावगृहाच्या जिनिव्हातल्या लिलावात १९५७ सालचं म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. विकत कुणी घेतलं? खुद्द ओमेगाच्या संग्रहालयाने. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेलं होतं आणि त्यात कंपनीच्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. ज्यांनी घड्याळ बनवलं त्यांच्या संग्रहालयाच्या गळ्यात असा माल मारता येतो, तिथे सांगलीत मोबाइलवर फोटो मोठा करून काका काय ओळखणार आहेत?

तरी मी तो फोटो मोठा करून पाहिला. विक्रेता म्हणतो गेल्या वर्षीचं, नवंकोरं, न घातलेलं. फोटोतल्या डायलवर तारखेची खिडकी तीनच्या आकड्यापाशी. ओमेगाने २०१८ मध्ये हे मॉडेल बदललं तेव्हा ती खिडकी सहापाशी नेली. म्हणजे घड्याळ खरं असलं तरी किमान जुन्या घडणीचं, आणि गेल्या वर्षीच्या तारखेचं कार्ड दुसऱ्या कशाचं तरी. कार्डावर नंबर असतो त्या जागी विक्रेत्याचा अंगठा. ‘प्रायव्हसीसाठी’ म्हणे. आजची तारीख कागदावर लिहून घड्याळाशेजारी ठेवा आणि काटे १०:१७ वर आणून फोटो पाठवा, असं मी काकांना त्या विक्रेत्याला कळवायला सांगितलं. घड्याळ हातात असलेल्या माणसाला याला एक मिनिट पुरतं. उत्तर आलं: ‘सर, बुकिंग अमाउंट टाका, मग व्हिडिओ देतो.’

पाचवं सूत्र स्वित्झर्लंडशी झालेल्या कराराचं: ‘ड्युटी शून्य झाली, म्हणून किमती कोसळल्या.’ करार खरा आहे. १० मार्च २०२४ ला सह्या झाल्या, १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. पण स्विस घड्याळांवरची ड्युटी एका रात्रीत गेलेली नाही. ती काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरायची आहे. आणि मूळ ड्युटी होती २० टक्क्यांच्या आसपास. ती पूर्ण गेली तरी १२० चे १०० होतात, ४० होत नाहीत. हां, बऱ्याच ब्रँडांवर अधिकृत दुकानदारही घासाघीस केली की सूट देतात, तेव्हा छापील किमतीपेक्षा थोडं कमी म्हणजे लगेच नकली असंही नाही. पण तीस टक्क्यांत अख्खं घड्याळ देणारा धर्मादाय दुकान चालवत नसतो.

सहावं, लोहचुंबक आणि पाण्याचा ग्लास: चुंबकाला चिकटलं नाही आणि पाण्यात बुडवूनही चाललं की अस्सल, म्हणे. अस्सल घड्याळाचं स्टील चुंबकाला चिकटत नाही, तसं नकलीचंही बहुतेक वेळा चिकटत नाही. संपला विषय. आणि वापरलेलं घड्याळ ‘चाचणी’ म्हणून पाण्यात बुडवू नका, कृपा करा. आतली रबरी रिंग वाळलेली असली तर अस्सल मशीनसुद्धा गंजेल, आणि परत करायला गेलात तर विक्रेता म्हणेल पाणी तुम्ही घातलंत. ते खरंही असेल.

सातवं: ‘यूपीआयने पैसे द्या, फसवणूक झाली तर बँक परत करते.’ साफ खोटं. तुमच्या नकळत खात्यातून पैसे गेले तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांचं संरक्षण आहे. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत तर ते सहसा त्यात बसत नाही. क्रेडिट कार्डाने दिले तर निदान बँकेकडे वाद तरी घालता येतो, आणि हे विक्रेते कार्ड का घेत नाहीत याचं उत्तरही त्यातच आलं. पैसे गेलेच असतील तर ग्रुपवर ‘कुणाला अनुभव आहे का’ विचारत बसू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता आली तर आली. आणि बुकिंगनंतर ‘पार्सल कस्टममध्ये अडकलंय, अमुक भरा’ असा फोन येतोच. कस्टमच्या खऱ्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो सीबीआयसी या कस्टमच्या केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कुठलाही अधिकारी स्वतःच्या यूपीआयवर ड्युटी मागत नाही.

मग ऑनलाइन घ्यायचंच नाही का? घ्या की. नवं हवं असेल तर ब्रँडच्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते, त्यातल्या बऱ्याच जणांची ऑनलाइन दुकानं आहेत. नवं रोलेक्स मात्र अधिकृत दुकानातूनच मिळतं, तेव्हा ‘ऑनलाइन ब्रँड न्यू रोलेक्स’ दिसलं की पुढे सरका. जुनं हवं असेल तर इथॉस या घड्याळांच्या दुकान-साखळीच्या सेकंड मूव्हमेंटसारखे बिल आणि स्वतःची वॉरंटी देणारे विक्रेते आहेत. अनोळखी दुकान असेल तर बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाका. नाव, पत्ता, नोंदणी कधीची, सगळं फुकटात दिसतं. पैसे ज्या खात्यात जाणार ते त्याच नावाचं आहे ना, तेही बघा. खासगी माणसाकडून घेत असाल तर त्याच्या मूळ बिलाची प्रत, सही केलेली पावती आणि ओळखपत्र घ्या, आणि व्यवहार दोघांनी मिळून घड्याळजीच्या दुकानात बसून करा. मागचं झाकण उघडलं की बहुतेक वेळा पाच मिनिटांत कळतं. झाकण उघडायला नाही म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा.

काकांनी त्या विक्रेत्याला जीएसटी क्रमांक मागितला. त्याने पाठवला. पोर्टलवर टाकला तर लुधियानाच्या एका होजियरीवाल्याचा निघाला.