निर्वात अवकाशातील रॉकेटविषयी खुलासा

‘अवकाशात हवा नाही, मग रॉकेट कशाला रेटा देऊन पुढे जाणार?’ असा प्रश्न विचारून चांद्रमोहिमा खोट्या ठरवणारा एक मजकूर सध्या फिरत आहे. हा दावा चुकीचा आहे.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमातील क्रिया आणि प्रतिक्रिया ही बले रॉकेट व बाहेरची हवा यांच्यात नसून रॉकेट आणि त्याच्याच पोटातून वेगाने बाहेर पडणारा वायू यांच्यात असतात. लहान होडीतून धक्क्यावर उडी मारणाऱ्याच्या पायाखालून होडी मागे सरकते, ती त्याने पायांनी तिला रेटल्यामुळे. भोवतालचे पाणी त्या हालचालीला उलट अडथळाच करते. हवेचेही तसेच आहे. बाहेरचा दाब नाहीसा झाल्यामुळे तेच इंजिन निर्वातात थोडा अधिकच रेटा देते.

गैरसमज मात्र जुना आहे. १३ जानेवारी १९२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अमेरिकी रॉकेट-संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांना शाळेत शिकवले जाणारे ज्ञानही नाही, असे याच मुद्द्यावरून हिणवले होते आणि दुरुस्ती छापली ती १७ जुलै १९६९ रोजी, म्हणजे अपोलो ११ निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. गोडार्ड तोवर हयात नव्हते.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला, तेव्हा त्याचा वेग कमी केला तो इंजिनांनीच. पॅराशूट उघडायला तिथे हवा नव्हती.